आधी वाचन, मग वळण

दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात आणि त्यांतली अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नसावीत, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने २०२२ मध्ये केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना मिळणारी सूटही तेव्हाच गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीत राज्यभरात किती पाट्या बदलल्या असतील याची कल्पना करावी. मराठी अक्षरकलेच्या इतिहासात एवढं काम एकदम क्वचितच निघालं असेल.

आणि झालं काय? कुठल्याही शहरातल्या बाजारपेठेत उभं राहून वर बघावं. इंग्रजी नाव कुणीतरी पैसे घेऊन, विचार करून काढलेलं असतं. त्याच्या शेजारी किंवा डोक्यावर देवनागरी नाव, संगणकात पहिला सापडला त्या फाँटमध्ये. जागेची रुंदी भरून काढायला ते आडवं ताणलेलं. त्यामुळे उभ्या रेघा फुगलेल्या आणि शिरोरेषा मात्र होती तेवढीच. कायद्याने उंची सांगितली होती, ती बरोबर भरलेली असते. वळण सांगणं हे कायद्याचं काम नव्हे, आणि ज्यांचं ते काम आहे त्यांना या सगळ्यात कुणी विचारलंच नाही.

हे आजच व्हावं याचं नवल वाटतं, कारण मराठी अक्षर काढणाऱ्याच्या हाताशी आज जेवढी साधनं आहेत तेवढी पूर्वी कधीच नव्हती. टॅबलेट आहे, दाब ओळखणारं पेन आहे, फुकट मिळणारे उत्तम देवनागरी फाँट आहेत, सुलेखनाच्या कार्यशाळा गावोगावी भरतात. हात तयार असलेली तरुण मुलं मुबलक आहेत. तरीही पुस्तकांच्या दुकानात टेबलावर मांडलेली नवी मुखपृष्ठं पाहताना एक गोष्ट सारखी खटकते. चित्र काढणाऱ्याने आणि शीर्षक लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं दिसत नाही. माझ्या मते या कलेचं आजचं दुखणं इथे आहे. हातात ते नाही, संगणकातही नाही.

हे दुखणं नेमकं कळण्यासाठी कमल शेडगे यांच्याकडे जावं लागतं. १९३५ साली जन्मलेले आणि जुलै २०२० मध्ये गेलेले शेडगे हे मराठी रंगभूमीचे अक्षरकार. साठच्या दशकापासून पुढे कित्येक नाटकांची नावं प्रेक्षकाने आधी त्यांच्या अक्षरांत पाहिली आणि मग रंगमंचावर. ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ ही त्यांची पुस्तकं चाळली तर त्या कामाचा पसारा लक्षात येतो. पण पुस्तकात ती अक्षरं गुळगुळीत कागदावर, प्रशस्त जागेत बसलेली आहेत. मूळ काम दैनिकातल्या नाटकांच्या पानासाठी झालेलं असायचं. त्या पानावर वीस-पंचवीस नाटकं दाटीवाटीने उभी असत. एक-दोन कॉलमांची रुंदी, वर संस्थेचं नाव, खाली नाट्यगृह, वार, वेळ, आणि मधे उरलेल्या पट्टीत नाटकाचं नाव. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून अक्षरांची पोटं मोकळी ठेवावी लागतात, नाहीतर ‘घ’ आणि ‘ध’ छापून आल्यावर दोन काळे ठिपके होतात. शेजारच्या नाटकाने पांढऱ्यावर काळं केलं असेल तर आपण काळ्यावर पांढरं करायचं. एवढ्या अटी पाळून वाचकाला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की हे ऐतिहासिक नाटक आहे, फार्स आहे, की घरातल्या घरात पेटणारं काहीतरी.

हे काम व्हायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण ती पद्धत आता माहितीतून जात चालली आहे. सुरुवात संहितेने. संहिता हाती आली नसेल तर निर्मात्याकडून किंवा लेखकाकडून नाटक ऐकायचं. मग पेन्सिलीने लहान लहान कच्चे आराखडे. त्यातला एक निवडून ट्रेसिंग पेपरवर मोठा करायचा, पुन्हा वर दुसरा ट्रेसिंग ठेवून सुधारायचा. पक्कं काम छपाईच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट आकारात, काळ्या शाईत किंवा पोस्टर कलरमध्ये, बारीक कुंचल्याने. चुकलेली कड पांढऱ्या रंगाने कापून धारदार करायची. मग कॅमेऱ्याने लहान करून ब्रोमाइड, म्हणजे छपाईसाठीची फोटोप्रत. मोठं काढून लहान केलं की हाताचा थरकाप झाकला जातो, हा फायदा. पण लहान झाल्यावर कुठली फट बुजेल हे मोठं काढतानाच ओळखावं लागे, आणि ते फक्त सवयीने येतं.

इथे एक उदाहरण जवळून पाहू. भालचंद्र नेमाडे यांची दोन शीर्षकं घ्या: ‘कोसला’ (१९६३) आणि ‘हिंदू’ (२०१०). दोन्ही शब्द लहान. ‘कोसला’मध्ये उभ्या रेघा मोजा. ‘क’ची एक, मात्रेच्या कान्याची दुसरी, ‘स’ची तिसरी, ‘ल’ची चौथी, शेवटच्या कान्याची पाचवी. तीन अक्षरांच्या शब्दात पाच खांब. शेवटच्या दोन खांबांमध्ये तर मोकळ्या जागेखेरीज काहीच नाही. शिरोरेषेच्या वर एक मात्रा, आणि उभ्या दांड्यांच्या खाली उतरणारं काहीच नाही. म्हणजे शब्दाचा पाया सपाट आणि उजवी बाजू रिकामी. आता ‘हिंदू’. त्यात सबंध उभी रेघ एकच, तीही पहिल्या वेलांटीची, अगदी डावीकडे. ‘ह’ला दांडा नाही, ‘द’ला नाही. वर वेलांटीचं टोक आणि अनुस्वार एकमेकांना धक्के देतात, खाली ‘ह’ची शेपटी आणि दीर्घ उकार यांची गर्दी. एक शब्द खांबांवर उभा, दुसरा लोंबकळणारा. एकाच फाँटमध्ये हे दोन्ही शब्द टाइप केले तर दोन्ही ‘ठीक’ दिसतात, आणि तिथेच गोची आहे. फाँटने सगळ्या अक्षरांना सारखं वागवायचं असतं. शीर्षकाने एका शब्दाची बाजू घ्यायची असते. ‘कोसला’चे खांब एका लयीत ठेवायचे की शेवटचा मुद्दाम एकटा पाडायचा, हे ठरवायला आधी कादंबरी वाचावी लागते. ते उत्तर अक्षरात नसतं.

म्हणून शेडग्यांच्या पिढीचं काम मला अक्षरांच्या सौंदर्यापेक्षा वाचनाचं काम वाटतं. नाटकाचा पहिला समीक्षक अक्षरकार असे, आणि त्याची समीक्षा एका शब्दाची असे.

अर्थात त्या काळाला सोनेरी चौकट लावायचीही गरज नाही. तेव्हाही रहस्यकथा म्हटली की ओघळणारी अक्षरं, ऐतिहासिक म्हटलं की तलवारीच्या पात्यासारखा काना, विनोदी म्हटलं की वाकडी-तिकडी उड्या मारणारी ओळ. दर आठवड्याला नवीन नाव मागणाऱ्या धंद्यात हे होणारच. दीनानाथ दलालांसारखा मोठा माणूसही यातून सुटला नाही. १९१६ मध्ये मडगावला जन्मलेल्या आणि १९७१ मध्ये गेलेल्या दलालांनी मुखपृष्ठं, कथाचित्रं, व्यंगचित्रं यांचा अक्षरशः डोंगर उभा केला. १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही मराठी मध्यमवर्गाच्या भिंतीवर टांगायची गोष्ट करून ठेवली. त्यांची रेषा चपळ होती, रंगांची जाण पक्की होती. पण त्यांच्या स्त्रियांचे डोळे एकमेकींच्या बहिणींसारखे दिसतात, मग ती पौराणिक नायिका असो की चाळीतली. रघुवीर मुळगावकरांच्या स्प्रेच्या चित्रांत तर त्वचेला रंध्रंच नसतात. देवदेवता, नायिका, सगळे एकाच मऊ उजेडात न्हालेले. लोकांना ते आवडलं, घराघरांत कॅलेंडरांवर गेलं, आणि पुष्कळ वर्षं मराठी चित्रात घाम दिसेनासा झाला.

वसंत सरवटे मला या मंडळींत वेगळे वाटतात. पेशाने अभियंता असलेला हा माणूस चित्र काढताना मजकुराशी भांडायला बसल्यासारखा दिसतो. पुलंच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं मजकुराची री ओढत नाहीत. लेखकाने जे सांगितलंय ते पुन्हा दाखवण्यात त्यांना रस नसतो, लेखकाने जे सोडलंय तिथे ते शिरतात. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत, तेव्हा त्या नावाला चेहरा सरवट्यांनी दिला, आणि वाचकांच्या मनात तो दळवींच्या चेहऱ्याइतकाच खरा झाला. आजच्या काळात ही वृत्ती मला सर्वांत ठसठशीत दिसते ती माधुरी पुरंदरे यांच्या मुलांच्या पुस्तकांत. तिथे शब्द आणि चित्र दोन्ही एकाच हातचे असल्यामुळे कुठली गोष्ट वाक्याने सांगायची आणि कुठली चित्राच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची, याचा हिशेब चोख असतो. मुलाला वाचायला येण्याआधीच ते पुस्तक वाचू लागतं.

आता सुलेखनाकडे. गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्राला मराठी समाजात जी प्रतिष्ठा मिळाली त्यात अच्युत पालव यांचा वाटा फार मोठा. त्यांनी मोडीचा अभ्यास केला, मोडी आणि देवनागरी यांच्या मिश्रणातून आपली मुक्तलिपी घडवली, आणि सुलेखन प्रेक्षकांसमोर, मंचावर आणलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती या कलेलाच मिळाल्याची भावना अनेकांची होती. ती रास्त आहे. पण मंचावर आलेल्या कलेचे काही भोग असतात. संगीत चालू आहे, चार इंच रुंदीचा ब्रश कॅनव्हासवर सपकन फिरतो, शाईचे शिंतोडे उडतात, टाळ्या पडतात. पालवांच्या शिंतोड्यामागे वर्षांचा सराव आहे. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी मात्र नेमका शिंतोडाच उचलला. आज ‘सुलेखन’ म्हणून जे समाजमाध्यमांवर फिरतं त्यात अक्षरांतून साकारलेला गणपती, ‘विठ्ठल’ या शब्दाचा विठोबा आणि लग्नपत्रिकेवरची पिसासारखी वेलांटी यांच्या पलीकडे फारसं काही नाही. वाचता न येणं हेच त्यातल्या काहींना कलेचं लक्षण वाटतं.

बोरूची गंमत सांगतो. इंग्रजी सुलेखनासाठी मिळणाऱ्या रुंद निबेने सहज लिहिलं तर डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते. देवनागरीला नेमकं उलट हवं असतं, म्हणून आपला बोरू विरुद्ध तिरक्यात कापतात. बाजारातला निबेचा संच आणून सरळ ‘क’ काढायला बसलं की ‘क’ परदेशी पाहुण्यासारखा उभा राहतो, आणि काय चुकतंय तेच कळत नाही. कार्यशाळांमध्ये हे पहिल्या तासाला शिकवलं जावं एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

सुलेखन आणि मुद्राक्षर या दोन्हींत तेवढ्याच ताकदीने वावरलेला माणूस म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). जाहिरात क्षेत्रात काम, मग मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन, शिवाय कवी. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी केलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर आला आणि सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत मराठी माणसाने संगणकावर पहिल्यांदा युनिकोड देवनागरी पाहिली ती बहुतेक त्यातच. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर, बारीक आकारात, जोडाक्षर फुटू न देता वाचता यावं, यासाठी तो घडवला होता. त्या कामात तो उत्तम होता. तोच ‘मंगल’ दहा फुटी फ्लेक्सवर साहेबांच्या वाढदिवसाला चढतो, त्याला जोशी काय करणार?

त्यानंतरच्या पिढीने फाँटच्या बाबतीत खरोखर मोठी मजल मारली. ‘एक टाइप’ या मुंबईच्या समूहाचे ‘मुक्ता’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे फाँट आज कुणालाही फुकट वापरता येतात. ‘मोदक’ पाहण्यासारखा आहे. अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ संपेपर्यंत त्याला फुगवलंय, आणि तरी वाचता येतं. हातकामातला खट्याळपणा नियमांत बांधून दाखवलेला हा नमुना. ‘बलू’ अनेक भारतीय लिप्यांत आला, आणि बालवाडीच्या फलकापासून खाऊच्या पाकिटापर्यंत सगळीकडे दिसू लागला. तो इतका दिसतो की त्याच्यावर रागावायचा मोह होतो, पण राग खरं तर वापरणाऱ्यावर हवा. गोल गुबगुबीत अक्षरात दवाखान्याची पाटी लिहिणं हा फाँटकर्त्याचा गुन्हा नव्हे.

मराठीचे स्वतःचे काही आग्रह आहेत, तेही याच पिढीने तांत्रिक पातळीवर सोडवले. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे आपले. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ते प्रमाण म्हणून नोंदवलेही. चांगल्या फाँटमध्ये मराठी भाषा निवडली की हे आकार आपोआप यावेत अशी सोय असते. पण मोबाइलवर, जाहिरातीत, वृत्तवाहिनीच्या पट्टीवर मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगायचे कष्ट कुणी घेत नाही, आणि मग हिंदी वळणाचा ‘ल’ घेऊन मराठी अस्मितेच्या घोषणा झळकतात. पाट्यांसाठी आंदोलन करणाऱ्यांच्या फलकांवरही मी तो पाहिला आहे.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काय झालं, हे वेगळं सांगायला नको. फ्लेक्स आला आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांचे डबे वाळले. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी अशा पेंटरांच्या अक्षरांचे संगणकीय फाँट करून त्यांचं वळण जपण्याचा प्रकल्प चालवला होता. २०२४ मध्ये तेही गेले. एसटीच्या मागे, ट्रकच्या फाळक्यावर, गावच्या किराणा दुकानावर सावली देऊन उठवलेलं अक्षर काढणाऱ्या आपल्याकडच्या पेंटरांची नोंद मात्र विखुरलेल्या फोटोंपलीकडे फारशी झालेली नाही. ते कलावंत आहेत असं कुणाला वाटलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. डाव्या कोपऱ्यात ‘पेंटर’ आणि नाव टाकलं की झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नव्या मुखपृष्ठांत वाचन का दिसत नाही? कारण वाचायला वेळ आणि पैसे दोन्ही दिलेले नसतात. मजकूर अजून लेखकाकडे फिरतोय, पण मुखपृष्ठ आधी हवं, कारण समाजमाध्यमांवर ते आधी टाकायचं असतं. चित्रकाराच्या हाती पडतो तो मलपृष्ठावरचा दहा ओळींचा मजकूर. त्यात ‘वास्तवाचा दाहक वेध’ असतो, ‘मानवी नात्यांची गुंतागुंत’ असते. यावरून काय काढणार? मग विकत मिळणारं छायाचित्र येतं: पाठमोरी बाई, वाळलेलं झाड, रिकामी खुर्ची. त्यावर फाँट, फाँटला सावली. एका कामाचे मिळतात त्या पैशांत महिन्याला आठ-दहा मुखपृष्ठं काढल्याशिवाय घर चालत नाही, आणि आठ-दहा पुस्तकं महिन्यात वाचणं कुणालाच शक्य नाही. चंद्रमोहन कुलकर्णींसारखे काही चित्रकार आजही मजकुरात शिरून चित्र काढतात आणि त्यांच्या कामात ते लगेच दिसतं. त्यांच्या वाचनाची फी वेगळी मिळते असं मात्र कुणी समजू नये.

याच फटीतून आता कृत्रिम बुद्धिमत्ता आत शिरली आहे. सुरुवातीला तिने काढलेल्या फलकांवरची देवनागरी पाहून हसू यायचं. शिरोरेषेला लटकलेली भलतीच चिन्हं असायची. हळूहळू अक्षरं सुधारत आहेत, जोडाक्षरांत अजून पाय घसरतो. पण तिच्यावर तुटून पडणाऱ्या चित्रकारांना एक विचारावंसं वाटतं. दहा ओळींवरून पाठमोरी बाई काढायची सवय तर आपणच बाजाराला लावली ना? यंत्र तेवढंच करतं, जरा लवकर करतं. ज्या कामात संहिता लागतच नाही ते काम कुणीही हिसकावून घेऊ शकतं. ‘कोसला’च्या पाचव्या खांबाचं काय करायचं, हा प्रश्न ज्याला पडला त्याचं काम हिसकावणं अवघड आहे.

प्रकाशकांनाही यात एक छोटी, बिनखर्चाची गोष्ट करता येईल. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशक असतो, मुद्रक असतो, अक्षरजुळणी करणारा असतो, आणि बहुधा ‘मुखपृष्ठ’ म्हणून एक नाव असतं. शीर्षक हाताने काढलेलं असेल तर ते कुणी काढलं, हे तिथे क्वचितच सापडतं. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा सगळ्यांना ओळ मिळते. ज्याच्या अक्षरांनी ती जाहिरात उभी असते त्याला मात्र सही घुसवायला काना किंवा वेलांटी यांच्या बगलेत जागा शोधावी लागते. शेडग्यांची नाटकांवरची सही माहीत असणारे वाचक ती तिथेच शोधत.